उशिरा आलेली आर्टुरा आणि ठाण्याचे रस्ते

मॅक्लारेन या ब्रिटिश कंपनीच्या आर्टुराची, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड सुपरकारची, वाट बघून गाडीवेड्यांचे डोळे शिणले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये गाडी जगासमोर आली आणि त्याच वर्षी ग्राहकांच्या हातात पडणार होती. प्रत्यक्षात पहिल्या चाव्या मिळायला २०२२ उजाडलं. भारतात किंमत जाहीर झाली ती मे २०२३ मध्ये, ५.१ कोटी रुपये, एक्स-शोरूम. एवढा उशीर का झाला हे समजून घेतल्याशिवाय ही गाडी घेऊ नये. नेमकी कुठली आर्टुरा घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची, हे त्या उशिरावरूनच कळतं.

मॅक्लारेनने एकाच गाडीत सगळंच नवं करायला घेतलं. कार्बन फायबरचा टब, म्हणजे गाडीचा सांगाडा, नवा, इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, बॅटरी नवी. गाडीतल्या वायरिंगची रचनासुद्धा बदलून इथरनेटवर नेली, त्यामुळे वायरचं वजन सुमारे १० टक्क्यांनी घटलं. कागदावर हे उत्तमच. पण इतकी नवी अंगं एकमेकांशी बोलायला लावणं हे सॉफ्टवेअरचं काम, आणि घोडं तिथेच अडलं. त्यात जगभर चिप्सचा तुटवडा. गाड्या रस्त्यावर आल्यावर उच्च दाबाच्या इंधन पाइपवरून रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पाइपच्या जोडाचे नट सैल होऊन पेट्रोल झिरपू शकत होतं आणि गरम इंजिनवर पडून आग लागण्याचा धोका होता.

हा धोका इतका गंभीर का, ते इंजिनच्या मांडणीत कळतं. ३ लिटरचं, ६ सिलिंडरचं इंजिन. सिलिंडरच्या दोन रांगा १२० अंशांत पसरलेल्या आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन्ही टर्बो मधल्या खोबणीत बसवलेले. इंजिन १६० किलोचं आहे, म्हणजे मॅक्लारेनच्या जुन्या ८ सिलिंडरच्या इंजिनापेक्षा ५० किलोंनी हलकं. पण सगळी उष्णता वरच्या बाजूला, मधोमध साठते आणि मागच्या झाकणातल्या जाळीतून धुराड्यासारखी बाहेर पडते. म्हणून गाडी उभी केल्या केल्या कव्हर घालू नका. पंखे इंजिन बंद झाल्यावरही चालू राहतात. ते थांबू द्या, जाळीवर हात धरून बघा, गार लागली की मगच कव्हर. टॉवरखालच्या पोडियमच्या बंदिस्त पार्किंगमध्ये हे जास्तच पाळावं लागतं.

आता हायब्रिडकडे. मोटर ९५ पीएस (अश्वशक्तीच्या जवळचं ताकदीचं माप) आणि २२५ न्यूटन मीटरची (फिरवण्याच्या जोराचं माप), वजन जेमतेम १५.४ किलो, गिअरबॉक्सच्या आतच बसवलेली. बॅटरी ७.४ किलोवॅट-तासांची, ८८ किलोंची. इंजिन ५८५ पीएसचं, दोन्ही मिळून ६८० पीएस. शून्य ते १०० किलोमीटर ३ सेकंदांत, कमाल वेग ३३० किलोमीटर. हे आकडे ठाण्यात कधीच वापरले जाणार नाहीत. अटल सेतूवर मर्यादा १०० ची, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ची. इथे खरी किंमत आहे ती ३१ किलोमीटरच्या विजेवरच्या पल्ल्याची.

बटण दाबलं की आवाज होत नाही. गाडी दर वेळी ई-मोडमध्येच, म्हणजे निव्वळ विजेवर, जागी होते. समोरचा पडदा उजळतो, बाकी शांतता. हिरानंदानी इस्टेटच्या टॉवरमधून पहाटे साडेपाचला निघताना वॉचमनची झोपसुद्धा मोडत नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामापाशी सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घुसतो, तिथे चाकं रांगत जातात. अशा वेळी मागे ६ सिलिंडर तापत नाहीत, क्लच घासत नाहीत. सुपरकार ट्रॅफिकमध्ये तापते ही इथल्या मालकांची जुनी तक्रार, आणि तिच्यावर आर्टुराचा इलाज आजवरच्या सगळ्यांत सोपा आहे. ई-मोडमध्ये १३० किलोमीटरपर्यंत वेग घेता येतो, त्यामुळे पाम बीच रोडचा वाशी ते बेलापूर पट्टा निव्वळ विजेवर आरामात निघतो.

पण एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही. बहुतेक हायब्रिड गाड्यांत ब्रेक दाबला की मोटर थोडी वीज बॅटरीत परत भरते. आर्टुरात हे होत नाही. ब्रेक पेडलचा स्पर्श सरळ, घट्ट राहावा म्हणून मॅक्लारेनने ते मुद्दाम टाळलं. ट्रॅकवर हा निर्णय सोन्यासारखा. कार्बन सिरॅमिक डिस्कवर पाय टाकला की नेमकं किती थांबतंय ते तळव्याला कळतं. ठाण्यातल्या माजिवड्याच्या रांगेत मात्र तोच निर्णय महागात पडतो. थांबा-चला करताना वीज फक्त जाते, परत येत नाही, आणि मे महिन्यात एसीसुद्धा त्याच बॅटरीवर. बॅटरी वाचवायची तर ट्रॅफिकच्या आधी मोकळ्या रस्त्यावर स्पोर्ट मोड लावा. त्यात इंजिन बॅटरी भरत राहतं, काही मिनिटांत भरपूर चढते. कोंडी दिसली की पुन्हा ई-मोड. हा क्रम अंगवळणी पडला की गाडी वापरणं फार सोपं होतं. फेरारी २९६ जीटीबीत ब्रेकमधून वीज परत मिळते आणि ताकदही ८३० पीएस, पण विजेवरचा पल्ला २५ किलोमीटर. घरापासून सिग्नलपर्यंतच्या रोजच्या चालीला माझ्या मते आर्टुरा सरस, कारण ती हलकी आहे. द्रवांसह १,४९८ किलो हे हायब्रिड सुपरकारसाठी फारच कमी वजन आहे.

चार्जिंगचं गणित घरीच सोडवावं लागतं. जलद डीसी चार्जिंग या गाडीत नाही, त्यामुळे मॉलमधले मोठे चार्जर निरुपयोगी. सोबत येणाऱ्या केबलवर अडीच तासांत ८० टक्के भरते. एका पूर्ण चार्जला तोटा धरून साधारण साडेआठ युनिटं लागतात, म्हणजे वीजबिलाची चिंता नाही, चिंता पॉइंटची. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून वायर ओढू नका, वाद होतात. आपल्या मीटरवरून किंवा महावितरणकडून वेगळं ईव्ही मीटर घेऊन स्वतंत्र लाइन टाका. १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट, त्याला स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच). वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर. २.५ ची चालते, पण मीटर रूमपासून पार्किंग ३०-४० मीटर लांब असेल तर व्होल्टेज पडतं. चार्जरवर लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच झालं नाही, तर आधी अर्थिंगकडे बघा. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला किंवा जोड गंजलेला असू शकतो. जुन्या वाशी-नेरुळच्या इमारतींत हे हमखास निघतं.

रॅम्प आणि रुंदी हा या भागातला खरा प्रश्न. आरशांसह रुंदी २,०८० मिलिमीटर. मेकॅनिकल पार्किंगच्या ताटावर ती बसते की नाही, हे बुकिंगच्या आधी फितीने मोजा. ताटाच्या दोन्ही कडा उभ्या असतात आणि रिमला पहिला ओरखडा तिथेच पडतो. दरवाजे वर उघडतात. शेजारच्या खांबाला लागत नाहीत हा फायदा, पण खालच्या मजल्याच्या पार्किंगमध्ये छताला किंवा स्प्रिंकलरच्या पाइपला लागू शकतात. नाक उचलणारी लिफ्ट हा पर्याय न घेता इथे आर्टुरा घेऊच नये.

रॅम्पची परीक्षा गाडी न आणता करता येते. शोरूममध्ये गाडीच्या पोटाखालची उंची मोजून घ्या. तेवढ्याच उंचीचे दोन ठोकळे करा, त्यांच्या माथ्यावर ताणून सुतळी बांधा, ठोकळ्यांमधलं अंतर २ मीटर ६४ सेंटिमीटर, कारण गाडीच्या दोन आसांमधलं अंतर तेवढंच आहे. ही सुतळी रॅम्पच्या वरच्या कडेवरून सरकवत न्या. मध्ये कुठेही फरशीला टेकली तर गाडीचं पोट तिथे घासणार. आडव्या वळणाने, एकेक चाक चढवत नेण्याइतकी जागा असेल तरच मार्ग निघतो. नसेल तर कडेचं काँक्रीट तासून गोल करून घ्यावं लागेल, आणि त्याला सोसायटीची परवानगी लागते.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर सगळ्यांत आधी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची सोय करा. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी उतरली की गाडी जागीच होत नाही, कारण मोठीचा संपर्क जोडणारे स्विच छोटीच्या विजेवर चालतात. कंपनीचाच मेंटेनर लावून ठेवा, बाजारातला साधा चार्जर नको. पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल ओढतं आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल जास्त धरते. रस्त्यावर पाणी बंपरच्या खालच्या ओठापर्यंत दिसलं तर परत फिरा. विम्यात झीरो डेप्रिसिएशन (दाव्यातून घसारा न कापणारं कलम), इंजिन संरक्षण आणि हायब्रिड बॅटरीचं कलम, तिन्ही वेगवेगळी लिहून घ्या. एकात दुसरं धरलेलं नसतं.

टायर पुढे २३५/३५ आर१९, मागे २९५/३५ आर२०. स्पेअर नाही. पिरेलीच्या या टायरमध्ये आतून चिकटवलेली चिप असते आणि ती दाब व तापमान गाडीला कळवते. पंक्चरवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर टायर उतरवताना पट्टीने ती उचकटली जाते. ठाणे-बेलापूर रोडवर डंपर आणि जेएनपीए बंदराच्या ट्रेलरमागे चालताना खडी उडते, म्हणून बंपर, बॉनेट, आरसे आणि दारांखालच्या कडा यांना पहिल्याच आठवड्यात पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावून घ्या. गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच, बोलवा. मोटर गिअरबॉक्समध्ये असल्यामुळे मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका.

नोंदणी ठाण्यात एमएच ०४, वाशीला एमएच ४३. वाहनाच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे, तेवढा आकडा हिशेबात धरा.

आता कुठली घ्यावी? नवीच घ्यायची तर २०२४ मध्ये सुधारलेली. ताकद ७०० पीएस झाली, विजेवरचा पल्ला ३३ किलोमीटर, गिअर २५ टक्के जलद पडतात, इंजिन धरून ठेवणारे माउंट घट्ट झाले. छत उघडणारी स्पायडर ६२ किलोंनी जड. छत ११ सेकंदांत, ५० किलोमीटर वेगापर्यंत उघडतं. वर्षातले चार महिने पाऊस आणि तीन महिने ऊन बघता इथे बंद छताची कूपेच बरी.

जुनी घेत असाल तर ताक फुंकूनच प्या. रिकॉलचं काम झाल्याचा कागद मागा, गाडीच्या चेसिस नंबरसह. तोंडी हमी चालणार नाही. वाढीव ताकदीची सुधारणा मॅक्लारेनने जुन्या मालकांना मोफत दिली होती. ती करून घेतलेली नसेल, तर गाडी सर्व्हिसला किती नियमित गेली याचा अंदाज तिथेच येतो. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करायला सांगा आणि सकाळी स्वतः पल्ल्याचा आकडा बघा. चारही टायरचा दाब पडद्यावर येतो का बघा. एखादी जागा रिकामी असेल तर तिथली चिप गेली आहे. शेवटी चढावर रिव्हर्स घेऊन बघा. या गाडीच्या आठ गिअरमध्ये रिव्हर्स नाहीच, मागे जाणं फक्त मोटर उलटी फिरवून होतं. म्हणून रॅम्पवर मागे घेताना ओढ गुळगुळीत, न अडखळता यायला हवी. धक्का जाणवला, समोर इशारा चमकला किंवा गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थबकली, तर सौदा तिथेच थांबवा आणि आधी अधिकृत सर्व्हिसमधून फॉल्ट कोडचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या बिघाडांचा, पूर्ण अहवाल काढून घ्या.