सुपारी बेळगावची, पण मारेकऱ्याला बसचा बोर्ड वाचता येईना (5 पैकी 3 स्टार)

पहिलं सांगतो, हे ई-पुस्तक म्हणजे 59 रुपयात 64 पानं, आणि ती एका बैठकीत संपतात, त्यामुळं पैसे गेले असं वाटलं नाही. घेतलं ते फक्त एका कारणानं, खाली माहितीत लिहिलं होतं की कथा बेळगावात घडते. सुपारी घेऊन माणसं मारणारा किलर आणि आमचं बेळगाव, म्हटलं बघू तर खरं. आमच्याकडं एरवी सुपारी फुटली म्हटलं की कुणाचंतरी लग्न ठरलं असतंय, नायतर बँजोवाल्यानं मंडळाची ऑर्डर घेतलेली असते.

वाचायला बसलो रात्री जेवल्यावर आणि शेजारी अप्पा होते. अप्पा म्हणजे माझे वडील, वायव्य कर्नाटकच्या बसवर तीस वर्षं ड्रायव्हर, आता रिटायर. बेळगाव-कोल्हापूर, बेळगाव-पणजी, सगळे रूट झालेत त्यांचे. "काय वाचायलास गा?" म्हणाले, मी म्हटलं मर्डरची गोष्ट आहे, तर म्हणाले मोठ्यानं वाच. तिथंच लेखकाचं नशीब फुटलं असं समजा, कारण मी एकटा वाचलो असतो तर चार स्टार नक्की दिले असते.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईचा एक माणूस, नाव शेवटपर्यंत सांगितलेलं नाही (हे आवडलं), अनंत चतुर्दशीच्या चार दिवस आधी बेळगावात उतरतो. टिळकवाडीतल्या एका रिटायर कॅशिअरला संपवायचं काम आहे. 12 लाखाची सुपारी, निम्मे आधी, निम्मे नंतर. प्लॅन असा की विसर्जनाच्या मिरवणुकीत, ढोल-ताशा आणि डॉल्बीच्या आवाजात गोळी घालायची आणि गर्दीतून निघून जायचं. पुढचं सगळं सांगत नाही, पण सुपारी दिली कुणी हे मला चौदाव्या पानावरच कळलं होतं आणि अप्पांना नवव्या.

आता चांगलं काय ते आधी. हा किलर वाट बघतोय ती पानं एक नंबर आहेत. चार दिवस त्याला काम काही नाही, नुसतं बसायचं आणि त्या म्हाताऱ्यावर नजर ठेवायची, म्हणून तो रोज एका मावशीच्या चहाच्या गाडीवर जाऊन बसतो, दिवसाला तीन हाफ चहा, आणि हळूहळू त्याला कळायला लागतं की म्हातारा किती वाजता दूध आणतो, कुठल्या कुत्र्याला बिस्कीट घालतो, कुठल्या बाकड्यावर दम खातो. एक जागा तर अशी आहे की म्हातारा एक दिवस फिरायलाच येत नाही आणि किलरला काळजी वाटायला लागते, बरं तर असेल ना म्हणून. तिथं मी वाचता वाचता थांबलो. असल्या गोष्टीतला किलर म्हणजे काळा गॉगल, काळं जॅकेट आणि तोंडात सिगारेट असाच असतोय, इथं तो कंटाळलेला, गुडघा दुखणारा पन्नाशीचा माणूस आहे, लॉजच्या बाथरूममध्ये बनियन धुणारा. लेखकाला माणूस दिसतो हे नक्की. पिस्तूल बाहेर आलं की मात्र सगळं पाट्या टाकल्यासारखं होतं.

पिस्तूल म्हणजे, लेखकानं आधी रिव्हॉल्व्हर लिहिलंय, मग दोन पानांनी त्यालाच पिस्तूल म्हटलंय, आणि त्यावर सायलेन्सर बसवलाय. माझे मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावून विचारलं तर ते पाच मिनिटं हसतच होते. रिव्हॉल्व्हरचं फिरणारं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते, बार तिथूनच बाहेर फुटतो, त्यामुळं पुढं सायलेन्सर लावून काय उपयोग नाही. एक रशियन नागान रिव्हॉल्व्हर आहे, 1895 चं मॉडेल, त्यात चक्र पुढं सरकून फट बंद होते म्हणून त्याला चालतो, पण तेवढं एक सोडलं तर नाही. आणि पिस्तुलाला लावला तरी ते सिनेमातलं "फुस्स" काय होत नाही. साध्या 9 एमएमचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतोय, सायलेन्सरनं त्यातले 20-30 कमी होतात, म्हणजे उरतो तो पण कानठळ्या बसवणाराच. पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे, मिरवणुकीचा आवाज आहे म्हणून तर हा प्लॅन केलाय ना, मग सायलेन्सर हवाच कशाला? एवढी भारी आयडिया, डॉल्बीच्या भिंतीपुढं गोळीचा आवाज कुणाला ऐकू येणार, आणि वरून परत सायलेन्सर. कढीत ताक ओतल्यासारखं.

मिरवणूक मात्र झकास लिहिलीय. रात्र उलटून दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणारी आमची मिरवणूक, कपिलेश्वर तलावाकडं सरकणाऱ्या मूर्ती, पायाला फोड आलेली पोरं, झोपेनं तारवटलेले पोलीस, हे बाहेरच्यानं ऐकीव लिहिलेलं वाटत नाही. फक्त एक, त्या गर्दीत आता हजार मोबाईल वर धरलेले असतात, प्रत्येकजण लाईव्ह आणि कॅमेरे लावलेले असतात ते वेगळेच. किलर टोपी खाली ओढतो आणि झालं? एवढ्यावर भागत नाही.

आता मुख्य तक्रार, आणि ही अप्पांची आणि माझी दोघांची. या लेखकाला बेळगाव रस्त्यांच्या नावापुरतं माहीत आहे. खडेबाजार, मारुती गल्ली, गोगटे सर्कल, तिसरं रेल्वे गेट, सगळं बरोबर जागेवर आहे. पण बाहेरचा माणूस इथं आला की त्याचं काय होतं हे त्याला सुचलंच नाही. आणि किलरच्या गोष्टीत सगळा थरार तर त्यातच आहे की हो, अनोळखी माणसानं अनोळखी राहायचं!

पहिल्याच प्रसंगात किलर सीबीटीवर, म्हणजे आमच्या बस स्टँडवर, उतरतो, समोर सिटी बस लागलेली असते, तो बोर्ड वाचतो आणि चढतो. अप्पांनी मला तिथंच थांबवलं. "बोर्ड वाचला? कुठल्या भाषेत वाचला?" मी परत वाचून दाखवलं. "मुंबईचा हाय म्हणालास न्हवं? मग कन्नड बोर्ड वाचला कसा? कंडक्टरला इचारल्याशिवाय एक माणूस चढत न्हाय भायेरचा. तीस वर्षं बघितलोय मी." आणि खरं आहे. बसचा बोर्ड कन्नडमध्ये, दुकानाच्या बोर्डावर 2024 च्या कायद्यानं 60 टक्के कन्नड, जमिनीची आरटीसी (म्हणजे तुमच्याकडचा सातबारा) कन्नडमध्ये, बऱ्याच घरांवरची पाटीपण कन्नडमध्ये. म्हणजे या माणसाला ज्याला मारायचंय त्याच्या दारावरचं नाव वाचता येत नाही! एवढा मोठा फास लेखकाच्या हातात होता. नुसता विचार करा, 12 लाखाचं काम, दोन शेजारी शेजारी घरं, दोन्ही पाट्या कन्नडमध्ये, आणि विचारायचं तर विचारणार कुणाला. कारण विचारलं की संपलं. आमच्या गल्लीत तुम्ही दोन वेळा एकाच कोपऱ्यावर उभं राहिलात की तिसऱ्या वेळी कोणतरी काकू जिन्यावरून वाकून विचारतेच, "कुणाकडं आलायसा?" आणि तुम्ही तोंड उघडलं, "अहो मी इकडे..." म्हणालात की तिला कळलं, हा मुंबई-पुण्याकडचा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. आम्ही दुकानात एका वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही घालून बोलतो, ते बाहेरच्याला चार दिवसात जमत नाही. पोलीस नंतर येतील, त्याला खरी भीती त्या जिन्यावरच्या काकूची हवी होती. लेखकानं काकू ठेवलीच नाही, आणि चहाच्या गाडीवरच्या मावशीनं चार दिवसात त्याला एकदाही विचारलं नाही की पावनं कुठलं. असली मावशी बेळगाव जिल्ह्यात तरी जन्माला आलेली नाही.

खुनाचं कारण मात्र पटतं. बायपासमध्ये जमीन जाणार, मोबदला येणार, आणि दोन भावात वाटणी झालेली नाही. इथं घरोघरी हा विषय आहे, जेवायला बसलं तरी हाच आणि मयताला गेलं तरी हाच. हे दोन ओळीत उरकायला नको होतं. त्यात परत "सातबारा" म्हटलंय. एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडात सातबारा चालून गेला असता, पण इथं वकिलाच्या ऑफिसात आरटीसी म्हणतात, फार तर उतारा.

पोलिसांचं तर विचारूच नका. "वरिष्ठ पोलीस निरीक्षक" येतो आणि जीपमधून उतरून तीन पानं मराठीत पंचनामा लिहितो. ही पोस्ट मुंबईकडची, इथं पीएसआय आणि इन्स्पेक्टर, वर कमिशनर, आणि कागद सगळे कन्नडमध्ये. गोष्ट 2025 ची असं स्वतः लेखकच सांगतो आणि एफआयआरला 302 लावतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आलीय, खुनाला आता 103 आहे. बोलताना सगळे अजून 302 च म्हणतात, मी पण म्हणतो, पण कागदावर नाही चालत. गंमत म्हणजे नव्या कायद्यात संघटित गुन्हेगारीचं 111 कलम आहे, त्यात सुपारी घेऊन खून करणं हे नाव घेऊन लिहिलंय. हे लेखकाला कळलं असतं तर त्या साहेबाच्या तोंडात एक बरा डायलॉग तरी आला असता, आता तो नुसता टेबलावर मूठ आपटतो.

पळून जातो तो भाग अप्पांनी दोनदा वाचून घेतला. किलर मोटारसायकलवरून आंबोलीच्या दिशेनं जातो आणि "चाळीस मिनिटात" घाटात पोचतो. बेळगावहून आंबोली साठ-सत्तर किलोमीटर, दिवस भाद्रपदातले, पाऊस, धुकं, खड्डे, आणि हा चाळीस मिनिटात! अप्पा म्हणाले, "मोटारसायकल हाय का इमान?" पण त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. वेंगुर्ला रोडनं निघालं की हिंडलगा लागतंय. हिंडलग्याला सेंट्रल जेल आहे, लहानपणापासून आम्हाला शाळेत "हिंडलग्याला पाठवतो" म्हणून दम द्यायचे. खून करून पळणारा माणूस त्या बाजूनं जातो आणि लेखक त्याला एकदाही तिकडं बघायला लावत नाही. पुढं शिनोळीला पोचलं की महाराष्ट्र, जेमतेम पंधरा किलोमीटर. केए-22 नंबरची गाडी, मागं कर्नाटक पोलीस, पुढं चंदगडचे पोलीस, दोन्हीकडचे फोन एकमेकांना लागेपर्यंत केवढा खेळ करता आला असता. सीमाप्रश्नावर आम्ही जन्मभर ऐकत आलोय, इथं एकदा तरी सीमेचा कुणालातरी उपयोग झाला असता, म्हटलं.

शुद्धलेखनाच्या चुका आहेत पण वाचता येतं. जोडाक्षरं माझ्या मोबाईलवर दोन-तीन ठिकाणी फुटली. कव्हरवर रक्ताचे शिंतोडे आणि पिस्तूल, म्हणजे आईनं हातात घेतलं नसतं, पण तिनं दारात उभं राहून निम्मी गोष्ट ऐकलीच.

शेवट उघडा करत नाही. एवढंच सांगतो की शेवटचं दीड पान परत त्या वाट बघणाऱ्या माणसाचं आहे, पिस्तूल खिशात आहे आणि समोर म्हातारा कुत्र्याला बिस्कीट घालतोय, आणि तिथं लेखक परत जाग्यावर येतो. हा माणूस पुढचं लिहिणार असेल तर मी घेणार. फक्त इथं आठ दिवस येऊन राहा म्हणावं, लॉजवर नको, कुणाच्यातरी घरी, वडगाव नायतर शहापुरात, गल्ली आपोआप शिकवते.

तीन स्टार माझे. अप्पा अडीच म्हणत होते पण इथं अर्धा देता येत नाही. झोपायला जाताना त्यांनी एकच विचारलं, "त्या चहावाल्या मावशीचे पैसे दिले काय गा त्यानं? चार दिवस मांडून ठेव म्हणत होता." मी परत मागं जाऊन बघितलं. नाही दिलेले.