प्रकाशसंश्लेषणाचं किट: ४४९ रुपये, ऊन आपलं आपण बघायचं

हा रिव्ह्यू जुलैमध्ये लिहिला असता तर १ स्टार दिला असता, दसरा उलटल्यावर लिहितेय म्हणून ३ देते. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही.

झाड उन्हात आपलं अन्न पानात कसं तयार करतं ते घरी करून बघायचं हे किट. मुलगी सातवीत, मराठी मीडियमला, तिच्यासाठी बेळगावच्या खडेबाजारातनं घेतलं. घरी येऊन बॉक्स उघडतोय तर आयोडीनची बाटली गळलेली, अर्धं आयोडीन पुस्तिकेनंच पिऊन टाकलेलं आणि पानं सगळी काळीनिळी. मी चिडलेच, पण मग कळलं की कागदाला स्टार्चची खळ असते आणि स्टार्चला आयोडीन लागलं की हाच रंग येतो, म्हणजे पहिला प्रयोग बॉक्समध्येच उरकला होता बगा. पुस्तिका इंग्लिश आणि कन्नडमध्ये, मराठीत एक ओळ नाही. शेजारच्या अक्का वाचून सांगायला आल्या, त्या द्युतिसंश्लेषणे म्हणतात, पोरगी प्रकाशसंश्लेषण म्हणते, दोघींचीही जीभ अडकते.

खरी तक्रार पुढं आहे. त्यात लिहिलंय स्पिरिटमध्ये पान उकळा, बस्स. कशावर, कसं, काही नाही. अहो स्पिरिट पेट घेतं की! आधी पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, मग त्या गरम पाण्यात स्पिरिटची वाटी ठेवायची, ते ७८ डिग्रीलाच उकळतं त्यामुळं तेवढी ऊब पुरते. हे मोठ्यांनीच करा.

प्रयोग असा की जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानात साठलेला स्टार्च झाड वापरून टाकतं, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून चार तास उन्हात. आता शहापुरात जुलैमध्ये ऊन कुठनं आणू, इथं चार चार दिवस कपडे वाळत नाहीत. आयोडीन टाकलं तरी पान तपकिरीच राहिलं. ढगाळ उजेडात झाड अगदीच उपाशी बसत नाही, पण साठवण्याइतकं उरलं नसणार. पोरगी रडकुंडीला आली म्हणून भाताच्या शितावर थेंब टाकला, शीत लगेच काळंनिळं, तेव्हा आयोडीन चांगलं आहे एवढं तरी कळलं. शितावरून परीक्षा म्हणतात ती हीच.

ऑक्टोबरच्या उन्हात परत केलं. स्पिरिटमध्ये पानाचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, सगळं उतरलं, पान पांढरटपिवळं आणि पापडासारखं कडक झालं, गरम पाण्यात बुडवून बशीत पसरलं, थेंब टाकले आणि दोनेक मिनिटांत पान गर्द निळंकाळं, फक्त पट्टीखालची जागा तशीच पिवळट, कडा अगदी पट्टी धरून आखल्यासारखी. खरं सांगते, दहावीला हे पाठ करून मार्क मिळवलेत मी, बघितलं आत्ता.

सासरे, आमचे आप्पा, शेतकरी. म्हणाले मग आम्ही खत घालतो ते काय उगीच? मग त्यांना हेल्मोंटची गोष्ट सांगितली, सतराव्या शतकातला माणूस, सुमारे ९० किलो माती घेऊन त्यात विलोचं रोप लावलं, ५ वर्षं नुसतं पाणी घातलं, झाड ७६-७७ किलोचं झालं आणि माती कमी झाली फक्त ५७ ग्रॅमच्या आसपास. त्याला वाटलं झाड पाण्याचंच बनलं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पानाच्या बारीक छिद्रांतून आत जातो, तो आणि पाणी मिळून उन्हाच्या जोरावर साखर होते आणि पाण्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. खत म्हणजे जेवणातलं मीठ आप्पा, भाकरी पानातच भाजते. पटलं असावं, काही बोलले नाहीत.

पाणवनस्पतीच्या बुडबुड्यांसाठी दिलेलं फनेल परीक्षानळीत बसतच नाही, ते सोडून द्या.

घ्यायचं तर पावसाळा संपल्यावर घ्या आणि दुकानातच बाटली हलवून बघा. आमच्या बाटलीत उरलेलं आयोडीन आप्पांनी रताळं, बटाटा, कांदा, जे हाताला लागेल त्यावर टाकून संपवलंय (कांद्यावर काहीच झालं नाही म्हणून आणखी दोनदा), तर नुसती बाटली वेगळी कुठं मिळते काय?