साडेसात हजाराचा मेटल डिटेक्टर, सोनं आणि मामीचा झुबा

मागच्या दिवाळीला बोनस हातात आला आणि मी मेटल डिटेक्टर मागवला. घरी सांगितलं कारखान्यात लागतो म्हणून, टॉवेलच्या कारखान्यात त्याचं काय काम ते कुणी विचारलं नाही हे नशीब. खरं कारण यूट्यूब. ऑस्ट्रेलियातले लोक टोप्या घालून माळावर फिरतात, टूं वाजतं, कुदळीचे चार घाव घालतात आणि बोराएवढं सोनं काढून कॅमेऱ्याला दाखवतात. 1980 साली तिकडं व्हिक्टोरियात एकाला डिटेक्टरवरच 27 किलोचा सोन्याचा गोळा सापडला, तो पुढं लास वेगासच्या कॅसिनोत नेऊन ठेवला. हे रात्री दीड वाजता बघितल्यावर माणूस काय करणार, भरले साडेसात हजार.

मशीनचं नाव लिहीत नाही, कारण याच तोंडवळ्याची मशीनं ऑनलाइन दहा नावांनी विकतात, दांडी पिवळी की काळी एवढाच फरक. खाली ताटलीसारखी कॉइल, वर काट्याचा मीटर, दोन-तीन बटणं, हेडफोनला भोक, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. वजनाला हलकं आहे, दोन तास फिरवलं तरी खांदा दुखत नाही, हे खरं चांगलं. बॉक्सवर खोली 3 मीटर छापलंय. तीन मीटरवर ट्रक पुरला तर वाजेल कदाचित.

घरीच गच्चीवर टेस्ट घेतली. पाच रुपयाचं नाणं पाच इंचावरनं छान वाजलं. बायकोची चार ग्रॅमची अंगठी जेमतेम तीन इंचावर. मग मंगळसूत्रातला एक सुटा सोन्याचा मणी घेतला, ताटलीला टेकवला, तरी मशीन गप्प. काटा हलला नाही. बायको म्हणाली, "मणी खोटा नाही, मशीन खोटं हाय तुमचं."

तसं मशीन खोटं नाही, ते वेगळ्या कामाचं आहे हे मला पैसे भरल्यावर कळलं. सगळा खेळ किलोहर्ट्झचा आहे, म्हणजे मशीन सेकंदाला किती हजार लहरी सोडतं त्याचा, त्यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात. माझं मशीन सहा-सातच्या आसपास चालतं, ते नाणी, पाइप, खिळे असल्या जाड मालाला ठीक. बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी लागते, म्हणून खास सोन्याची म्हणून जी मशीनं येतात त्यांचे आकडे बघा, माइनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर 45 किलोहर्ट्झ, नोक्ताचं गोल्ड क्रूझर 61, फिशरचं गोल्ड बग 2 तर थेट 71. गॅरेटचं एटी गोल्ड 18 वर आहे, म्हणजे मधलं, नाणी पण आणि थोडं जाड सोनं पण. गॅरेटचंच एस 300 हे 8 वर, म्हणजे माझ्याच जातीचं पण घराणं चांगलं. तेव्हा जाहिरातीत 'गोल्ड' लिहिलंय का ते बघू नका, किलोहर्ट्झ किती ते बघा, आणि जो विकणारा आकडाच सांगत नाही त्याच्याकडनं घेऊच नका.

दुसरी गोष्ट ग्राउंड बॅलन्स, आणि इथं सोलापूरकरांनी कान देऊन ऐका. होटगी रोडला एका ओळखीच्याच्या मोकळ्या प्लॉटवर मुरमात मशीन नेलं तर ते सुरू केल्यापासनं ओरडायलाच लागलं. कॉइल खाली नेली की टूं, वर घेतली की गप्प. मला वाटलं खाली हंडेच हंडे. खणलं तर दगड, परत खणलं तर परत दगड. शेजारचे एक काका काठी टेकत आले, "काय हुडकालालाव ओ?" म्हणलं पाइपलाइन. तर म्हणाले इथं पाइपलाइन कधी आलीच नाही.

आपल्याकडं खाली सगळा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थंड होऊन झालेला बेसाल्ट, त्यात लोखंडाचं खनिज भरपूर. खात्री करायची तर लोहचुंबक दोऱ्याला बांधून सीना नदीच्या वाळूतनं फिरवा, काळी पूड दाढीसारखी लटकते. डिटेक्टरला ही जमीनच धातू वाटते. चांगल्या मशीनमध्ये कॉइल जमिनीवर वर-खाली करून आवाज सपाट करता येतो किंवा ते आपोआप होतं, तोच ग्राउंड बॅलन्स. माझ्यात तो कंपनीतनं फिक्स करून दिलाय, कुठल्या मातीवर केला देव जाणे, सोलापूरच्या नक्की नाही. आणि गंमत म्हणजे फ्रिक्वेन्सी जेवढी जास्त तेवढी ही असली जमीन पण जास्त त्रास देते, म्हणजे सोन्याचं मशीन घेतलं आणि ग्राउंड बॅलन्स चांगला नसला तर दुप्पट डोकेदुखी. यावरचा उपाय पल्स इंडक्शनची, म्हणजे सलग लहरीऐवजी झटक्या-झटक्यानं करंट सोडणारी मशीनं, ती असल्या जमिनीला फारशी जुमानत नाहीत, पण माइनलॅबचं त्यातलं मोठं मॉडेल पाच-सहा हजार डॉलरला जातं. गोल्ड मॉन्स्टर हजार डॉलरच्या आत-बाहेर. म्हणजे सोन्याच्या बाबतीत 'स्वस्त' म्हणलं तरी सुरुवातच तिथनं होते हे मनात धरा.

तिसरं, डिस्क्रिमिनेशन. बटण फिरवलं की खिळे-पत्रे वाजत नाहीत, भारी वाटतं. पण बारीक सोनं आणि अॅल्युमिनियमचा चुरा डिटेक्टरला जवळजवळ सारखाच दिसतो, म्हणून फॉइल नको म्हणून बटण जास्त फिरवलं तर सोनं पण गेलं. गोळ्यांच्या स्ट्रिपा, कोल्ड्रिंकच्या टिनाच्या कड्या, सगळं खणावंच लागतं. माझ्याकडं आता अर्धी पिशवी कड्या आहेत.

आता मुद्द्याचं, सोलापुरात सोनं आहे का. कातळात तर नाही. माझा मेहुणा रायचूर साइडला नोकरीला आहे, लिंगसुगूर तालुक्यात, तिथनं हट्टीची सोन्याची खाण जवळ आणि ती चालू आहे (कोलारची 2001 सालीच बंद झाली). म्हणलं चला, तिकडंच फिरवू. तो हसला. म्हणाला दाजी, इथं टनभर दगड फोडला की काही ग्रॅम निघतं, डोळ्याला दिसत पण नाही, तुमची ताटली काय वाजणार. ऑस्ट्रेलियात सुटे गोळे मातीत पडलेत म्हणून तिथं डिटेक्टर चालतो, इथलं सोनं गारगोटीच्या शिरेत पिठासारखं मिसळलेलं आहे, त्याला खाण आणि गिरणीच लागते. वर परवान्याशिवाय खनिज हुडकणं 1957 च्या कायद्यात बसत नाही. जवळच मस्कीला मात्र तो मला घेऊन गेला, तिथं 1915 साली सोनं हुडकणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरला अशोकाचा शिलालेख सापडला, आणि बाकीच्या शिलालेखांतला 'देवानांपिय' राजा म्हणजे अशोकच हे त्यातल्या नावामुळं पक्कं झालं. सोनं हुडकायला जाऊन सम्राट सापडला, आम्हाला टिनाच्या कड्या.

मशीन घेतलं कळल्यावर गल्लीतले लोक घरी यायला लागले ते गुप्तधनासाठी. एकाच्या वाड्यात म्हणे आजोबांनी हंडा पुरलाय, एकाला बाबानं सांगितलंय. भावांनो, 1878 चा कायदा अजून चालू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, लपवलं तर जेल. बाबाबुवाच्या नादाला लागून गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर 2013 चा जादूटोणा कायदा वेगळा. आणि सिद्धेश्वरची गड्डा जत्रा संपल्यावर होम मैदानावर चिल्लर हुडकायची आयडिया मला पण आली होती, पण बाजूलाच भुईकोट किल्ला, पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड, तिथं हातात डिटेक्टर आणि कुदळ घेऊन उभं राहायची माझी तरी हिंमत नाही. दोन अँटेना हातात धरून 'अर्ध्या किलोमीटरवरचं सोनं दाखवतो' म्हणणारी लाख-दोन लाखाची मशीनं पण विकतात. ती शुद्ध फसवणूक, धातू इतक्या लांबनं कुठलंच मशीन ओळखत नाही.

मग साडेसात हजार पाण्यात गेले का, तर नाही, आणि ते मामीमुळं. मंगळवेढ्याला मामाचं मालदांडीचं रान आहे. फेब्रुवारीत काढणीला मामी पण रानात, ज्वारी उपटताना कानातला एक झुबा पडला, संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. चार ग्रॅमचा, माहेरचा. त्या दिवसात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, डोळ्यानं हुडकून उपयोग नाही. मामाचा फोन आला, "तुझं ते वाजणारं घेऊन ये."

काळी माती मुरमापेक्षा बरी निघाली, मशीन थोडं कुरकुरायचं पण ऐकायचं. सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणली, मामी कुठल्या ओळीत होती ते विचारून दोऱ्या बांधल्या आणि दोरी-दोरीनं ताटली जमिनीला घासत गेलो, घाई नाही, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची. सापडलं काय, बैलाची पत्री, खिळे, नांगराचा तुकडा, फवारणीच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची सीलं (ती सोन्यासारखीच वाजतात, प्रत्येक वेळी मामी पळत यायची). दुपारी दोननंतर एका भेगेच्या काठावर बारीक, सारखा, दोन्हीकडनं येणारा आवाज आला. मामानं खुरप्यानं माती उकरली, चार बोटं खाली झुबा. मामीनं तिथंच तो पदराला पुसला आणि मला म्हणाली आता कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून देते, थांब.

तर घ्यायचा असेल तर असं. रानात पडलेली अंगठी, झुबा, कुंपणाच्या हद्दीचा पुरलेला लोखंडी गज, बुजलेला व्हॉल्व्ह, यासाठी पाच ते आठ हजाराचं मशीन चालतं, फक्त कॉइल वॉटरप्रूफ आणि हेडफोनचं भोक बघून घ्या, बाहेर वाऱ्यात स्पीकर ऐकू येत नाही. बॅटऱ्या साध्या घालू नका, अल्कलाइन घाला, साध्या उतरायला लागल्या की मशीन खोटं वाजतं. थोडे जास्त असतील तर ग्राउंड बॅलन्स हातानं करता येणारं सेकंडहँड ब्रँडेड घ्या, आपल्या जमिनीत त्याचाच फरक पडतो. सोन्याच्या गोळ्यांसाठी घेत असाल तर मशीनसोबत ऑस्ट्रेलियाचं तिकीट पण बघा.

झुब्याची फिरकी मात्र अजून त्या रानातच आहे. मी अजून दोन तास फिरवलं, मशीन एकदा पण बोललं नाही, मण्यासारखंच. मामीनं सराफाकडनं नवीन करून घेतली. परवा फोन आला तेव्हा म्हणाली, "तेवढी एक पण काढून दे की, यंदा परत ज्वारीच पेरलीया."