तीन हजारांत काय घ्यावं: साधी काठी, चार पायांची काठी की वॉकर?

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना या योजनेतून साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. यादीत चष्म्यापासून कमोड खुर्चीपर्यंत बरंच काही आहे. चालण्याचा आधार घ्यायचा ठरला की सर्जिकलच्या दुकानात "ही जास्त मजबूत" म्हणून चार पायांची काठी पुढे केली जाते, आणि अनेकांसाठी तीच चुकीची ठरते.

बहुतेकांना पुरते ती अ‍ॅल्युमिनियमची, बटण दाबून उंची बदलणारी, एका पायाची साधी काठी. गुडघेदुखी, खुब्याचं दुखणं, किंचित जाणारा तोल, एवढ्यासाठी तिच्यापुढे जायची गरज नाही. किंमतही ३००० च्या पाव भागाच्या आसपास असते. पण दोन गोष्टी तपासूनच पैसे द्यावेत.

पहिली, उंची. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला जिथे घडी पडते, तिथे काठीच्या मुठीचा वरचा भाग यायला हवा. मूठ धरली की कोपर २० ते ३० अंश वाकतं. पाठीला बाक असेल तर बाकासहितच मोजायचं. मापापुरतं ताठ उभं करून घेतलेली उंची घरी गेल्यावर जास्त होते. काठी उंच असली की खांदा वर ओढला जातो आणि पायावरचा भार कमीच होत नाही. बुटकी असली की माणूस पुढे झुकतो आणि तोल आणखी बिघडतो. भोकं साधारण इंचाइंचावर असतात, तेवढ्या फरकाने पुरतं. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय ना, हे बोटाने चाचपून बघावं. अर्धवट अडकलेलं बटण जोर येताच आत जातं. त्याखालची कडी घट्ट आवळली नाही तर काठी खडखडत राहते.

दुसरी, खालचं रबर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. चांगल्या रबराच्या आत लोखंडी चकती असते. ती नसेल तर नळीची धारदार कड रबर आतून कापत जाते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि एके दिवशी ओल्या लादीवर धातू टेकतो. तळाच्या खाचा गुळगुळीत झाल्या की रबर बदलायचं. महिन्यातून एकदा काठी उलटी करून बघायची. बदली रबर नळीच्या जाडीचंच हवं. १९ मिमीच्या नळीवर २२ चं बसवून आत कागद कोंबणं हा उद्योग धोक्याचा आहे. ज्या दुकानात सुटं रबर मिळत नाही, तिथून काठीही घेऊ नये.

मुठीबद्दल थोडक्यात: छत्रीसारख्या गोल वळणाची मूठ मनगटावर अडकवायला छान, पण भार नळीच्या मागे पडतो आणि तळहातावर एकाच जागी दाब येतो. रोजच्या वापराला आडवी, जाडसर मूठ बरी. बोटांचा संधिवात असेल तर नक्कीच.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात, आणि काठी नि उजवा पाय एकदमच पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

चार पायांची काठी पक्षाघातानंतर हळू चालणाऱ्यांसाठी उपयोगी. ती स्वतः उभी राहते, भारही जास्त पेलते. पण चारही पाय एकदम टेकले तरच. जरा भरभर चालणाऱ्याच्या हातात दोनच पाय टेकतात आणि काठी डुगडुगते. तळाची सरळ बाजू शरीराकडे, पसरलेली बाजू बाहेर हवी. हात बदलला तर बटण दाबून तळ फिरवावा लागतो. दुकानात तो उलटा बसवलेला असेल तर पाय त्यात अडखळतो. चाळीतल्या अरुंद पायरीवर तर तळ मावतच नाही.

घडीची काठी एसटीच्या प्रवासापुरती. आतली लवचिक दोरी सैल पडते, सांधे झिजतात. खरा भार टाकायला ती नाही. टॉर्च आणि अलार्म लावलेल्या काठ्यांचे पैसे रबरावर खर्च केलेले बरे.

दोन्ही पाय अशक्त असतील किंवा तोल मागे जात असेल तर वॉकर. घेण्याआधी न्हाणीघराचं दार मोजा. वॉकर तळाशी सर्वांत रुंद असतो आणि जुन्या घरांत दार जेमतेम दोन फुटांचं. मग नेमका न्हाणीघरातच तो बाहेर राहतो. उघडल्यावर दोन्ही बाजूंचा खटका ऐकू आला पाहिजे. आधी वॉकर हातभर पुढे, मग कमजोर पाय, मग दुसरा. पाय पुढच्या दांडीला टेकेपर्यंत आत गेलं की माणूस पाठीमागे कोसळतो. पार्किन्सनच्या रुग्णांची लय उचल-ठेव करताना तुटते, त्यांना पुढे दोन चाकं असलेला वॉकर जास्त मानवतो. चार चाकी, ब्रेकवाला प्रकार आपल्या फुटपाथांवर निरुपयोगी.

निवड अडली तर वार्धक्यशास्त्रातली एक साधी चाचणी दुकानातही करता येते. हात असलेली खुर्ची, समोर ३ मीटरवर खूण. उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. वेगवेगळ्या साधनांसह करून बघा. सेकंदांपेक्षाही वळताना काय होतं ते पाहा, चुकीचं साधन तिथेच उघडं पडतं. शेजारी कुणीतरी उभं हवंच.

उठल्याउठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मात्र खरेदी थांबवा. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण बहुधा औषधांत किंवा कमी पाणी पिण्यात असतं, आणि ते डॉक्टरांनाच दाखवायला हवं. तसंच खुर्चीतून हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर स्नायूंची ताकद ओसरल्याची शंका घ्यावी. अशा वेळी काठीबरोबर मांड्यांचे व्यायाम आणि ताटात डाळ, अंडी, दूध वाढवणं लागतंच.

बिल पक्कं घ्या, योजनेसाठी लागतं. आणि बिलात दोन जादा रबरं लिहून घ्यायला विसरू नका.