हीट पंप पाच महिने वापरला, दोन स्टारचे चार केले

दिवाळी पाडव्याला घेतलेला 17 किलोवॅटचा हीट पंप, आता गुढीपाडवा झाला. डिसेंबरात दोन स्टार देऊन मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत घेतो.

बंगल्यामागं 38 हजार लिटरचा छोटा पोहायचा टँक आहे, बायको पोरांच्या बॅच घेते (आमचा जलतरणपटू विरधवल खाडे 2008 ला ऑलिम्पिकला गेल्यापासून कोल्हापुरात प्रत्येक बापाला आपलं पोरगं त्याच लायनीतलं वाटतं). पाणी 28 च्या खाली गेलं की पोरं काठावरच रडतात. एवढं पाणी एक डिग्री चढवायला साधारण 45 युनिटची उष्णता लागते, साध्या विजेच्या हीटरनं तेवढंच बिल, हीट पंप हवेतली गरमी ओढून तेच 10-11 युनिटात करतो, म्हणून घेतला.

बसवणारा म्हणाला, "काका, बोळातच ठेवू, वरच्या दोन एसींची गरम हवा फुकट मिळतीया." मला पाइप आणि केबलचे पैसे वाचताना दिसले, मान डोलावली. बोळ चार फुटांचा. मागं अर्धा फूट, पंख्यासमोर दोन फुटांवर कंपाउंडची भिंत. आणि डिसेंबरात कोल्हापुरात एसी लावतंय कोण राव? एसी चालू तेव्हा हीटर नको, हीटर हवा तेव्हा एसी बंद, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही.

आधी खालून पाणी टपकायला लागलं, लीक समजून घाबरलो. त्यात क्लोरिन टेस्टचे थेंब टाकले, टँकच्या पाण्यासारखं पिवळं झालंच नाही, म्हणजे टँकचं नाही, हवेतला ओलावा. पण थंडी वाढल्यावर मशीनच्या मागच्या, हवा ओढणाऱ्या कॉइलवर बर्फ, पाणी 24 वर अडकलं. सर्व्हिसवाला तीन फोननंतर आला, फोटो काढला, "साइट कंडिशन, वॉरंटीत नाही" म्हणून निघून गेला. अरे, बसवला तुमच्याच माणसानं ना?

रागानं देवघरातली उदबत्ती आणून पंख्यासमोर धरली. धूर भिंतीवर आपटला, वर वळला आणि सरळ मागच्या कॉइलमध्ये! मशीन स्वतःच गार केलेली हवा परत ओढत होतं. मग मॅन्युअल उघडलं, मागं 50 सेंटिमीटर, पंख्यासमोर अडीच मीटर मोकळं, मराठीत नाही पण चित्र काढलंय.

उद्यमनगरातनं अँगलचा स्टँड करून घेतला, मशीन मागच्या अंगणात उघड्यावर हलवलं, पाइप-केबल धरून साडेनऊ हजार गेले, म्हणजे वाचवलेल्याच्या दुप्पट. त्याच आठवड्यात 28 झालं, बर्फ पुन्हा दिसला नाही.

मार्चमध्ये एसीवाला आला, तो वेगळंच बोलला. बोळात ठेवलेल्या अॅसिडच्या कॅनच्या वाफेनं एसीच्या बाहेरच्या युनिटचे फिन (पातळ पत्रे) पांढरे पडलेत, बोट लावलं की चुरा. कॅन आता गच्चीवर सावलीला, एसीचा खर्च अजून विचारलेला नाही.

एक स्टार सर्व्हिससाठी कापलाच. बोळातल्या भिंतीची चार भोकं अजून तशीच आहेत, त्यातनं पाली येतात.