बाळाची टाच की आईचा दंड? बी-१२ची कमतरता वेळेत कळण्यासाठी

शाकाहारी घरात बाळ येणार असेल तर बी-१२ या जीवनसत्त्वाचा प्रश्न आज ना उद्या निघतोच, कारण ते भाजी-धान्यांतून मिळत नाही. तो गरोदरपणातच आईचं रक्त तपासून मार्गी लावायचा, की जन्मानंतर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जे न्यूबॉर्न स्क्रीनिंग करतात त्यावर सोडायचा, हा निर्णय आमच्या घरी दोनदा झाला. थोरलीच्या वेळी टाच, धाकट्याच्या वेळी आईचा दंड. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट हातात घेऊन बसलेला बाप आहे. तेव्हा पुढचं सगळं त्याच बेताने घ्यावं.

ड आणि के या जीवनसत्त्वांचं इथे काढत नाही. केचं इंजेक्शन जन्मल्याबरोबर टोचतात, डचे थेंब पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट देतात. तिथे कोणी तपासत बसत नाही, सरसकट देऊन मोकळे होतात. बी-१२चं तसं काही ठरलेलं नाही, म्हणून ही सगळी उठाठेव.

बाळाचा बी-१२चा साठा येतो आईकडून. तिच्याकडेच कमी असेल तर बाळाचा साठा तोकडा, आणि वर अंगावरच्या दुधातूनही कमीच. गंमत अशी, की जन्मतः बाळ ठणठणीत दिसतं. चार-सहा महिन्यांनंतर ते मलूल होऊ लागतं, हसणं कमी होतं, धरलेली मान ढिली पडते, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा येतो, केस विरळ आणि भुरकट होतात, कधी हातापायांना कंप सुटतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा बाळांचं वर्णन १९६२ सालीच करून ठेवलंय. आणि ‘आमच्याकडे दूध-दही भरपूर असतं’ यावर फार विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. फोलेटची, म्हणजे फॉलिक ॲसिडची, कमतरता मात्र क्वचितच होती. सरकारी लोहाच्या गोळीतही फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं.

आधी टाचेबद्दल. बाळ ४८ ते ७२ तासांचं झालं की टाचेला टोचून जाडसर कागदी कार्डावरच्या गोलांत रक्ताचे थेंब जिरवतात, कार्ड वाळवतात आणि लॅबला पाठवतात. बाळ रडतं, पण दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं की शांत होतं. याच थेंबांतून थायरॉईड तपासलं जातं, आणि जन्मजात थायरॉईडचा दोष पहिल्या दोन आठवड्यांत सापडून औषध सुरू झालं तर मेंदूचं नुकसान टळतं. केवळ त्यासाठीसुद्धा टाच टोचून घ्यावी, यात माझ्या मनात शंका नाही. गोव्यात सरकारी दवाखान्यांतून अशी तपासणी २००८मध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे अजून बरंचसं रुग्णालयावर आणि खिशावर अवलंबून आहे.

बी-१२चा संबंध येतो तो मोठ्या पॅकेजमध्ये, ज्याला टीएमएस (टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री, त्याच थेंबांतून एकदम अनेक जन्मजात दोष शोधणारी तपासणी) म्हणतात आणि ज्याला काही हजार मोजावे लागतात. त्यातही बी-१२ थेट मोजत नाहीत. बी-१२ कमी असलं की शरीरातली एक रासायनिक साखळी अडते आणि मागे सी-३ नावाचा पदार्थ तुंबतो. तो वाढलेला दिसला की संशय घ्यायचा. पण कमतरता असूनही सी-३ नॉर्मल येऊ शकतं, आणि सी-३ वाढायची दुसरी कारणंही असतात.

ती दुसरी कारणंच आमच्या मुळावर आली. थोरलीचं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. कार्डावर मोबाईल नंबर सासऱ्यांचा. बाळ घरी येऊन बारशाची तयारी चालू असताना त्यांना फोन आला, “रिपीट सॅम्पल द्यावं लागेल.” का, तर “ते डॉक्टर सांगतील.” मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं. दुसऱ्या पानावर सी-३च्या ओळीत लाल बाण, त्याखालच्या गुणोत्तराला लाल बाण, आणि तळाशी शक्यतांची यादी: प्रोपिओनिक ॲसिडेमिया, मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया (दोन्ही शरीरातली रासायनिक साखळी जन्मतःच बिघडलेले दुर्मीळ, गंभीर आजार), आणि सगळ्यांच्या खाली बारीक अक्षरांत, आईला बी-१२ची कमतरता आहे का ते पाहावे. जे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतं ते शेवटी, आणि जे लाखांत एखाद्याला होतं ते सगळ्यात वर! यादी कदाचित गांभीर्याच्या क्रमाने लावली असेल, लॅबच्या बाजूने तेही बरोबर असेल. पण ती वाचणारं घर रात्रभर जागं असतं. सासूबाई देवापुढे, मी मोबाईलमध्ये डोकं घालून, आणि बायको विचारतेय, “अंगावर पाजू की नको?” या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टात कुठेही नव्हतं.

सकाळी बालरोगतज्ज्ञांनी बाळाला नीट तपासलं, पाजणं चालूच ठेवायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “आईचं बी-१२ केलंय का?” ते कुणी लिहूनच दिलं नव्हतं. तेव्हाच तिच्या दंडातून रक्त घेतलं. बी-१२ दीडशेच्याही खाली आलं. लॅबची खालची मर्यादा दोनशेच्या आसपास असते. बाळाच्या लघवीची तपासणी झाली, दोघींनाही डॉक्टरांनी बी-१२ सुरू केलं, आणि पुढच्या नमुन्यात सी-३ जागेवर आलं. लेक आज शेजारच्या पोरांना पळवून दमवते.

मला खटकलं ते एवढंच. हजारो रुपयांच्या तपासणीपासून निघून आम्ही शेवटी पोचलो काहीशे रुपयांच्या तपासणीपाशी, जी सात महिने आधी, सोनोग्राफीच्या रांगेत बसल्या बसल्या होऊन गेली असती. मधली रात्र फुकट गेली ती वेगळीच.

टाचेची बाजू घेऊन एक सांगायला हवं. जर्मनीत हायडेलबर्गला २०१६पासून बी-१२ची कमतरता टाचेच्या रक्तातूनच शोधायचा प्रयोग झाला. तिथे पहिल्या आकड्यात संशय आला की त्याच कार्डावरच्या उरलेल्या रक्तात मिथाइलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीनसारख्या, बी-१२ कमी पडलं की वाढणाऱ्या गोष्टी पाहतात. बाळाला पुन्हा टोचायच्या आधीच चित्र बरंचसं स्पष्ट होतं. आपल्याकडेही काही लॅब हा दुसरा टप्पा करतात. तेव्हा पॅकेज घेण्याआधी एवढंच विचारावं: सी-३ वाढलं तर त्याच कार्डावर पुढची तपासणी करणार की थेट नवा नमुना मागणार? समोरचा गोंधळला तर काय समजायचं ते समजावं. आणि कार्डावर नंबर आपला द्यावा, सासऱ्यांचा नको.

आईच्या तपासणीतही खोडी आहेत. गरोदरपण पुढे सरकतं तसं रक्तातलं पाणी वाढतं आणि बी-१२चा आकडा आपोआप उतरतो, त्यामुळे सातव्या महिन्यात कमी आलेल्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. पहिल्या तिमाहीत, थायरॉईड आणि सीबीसीसाठी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी) रक्त घेतात त्याच सुईत हे उरकलेलं बरं. आधीच मल्टिव्हिटॅमिन किंवा बी-१२ची इंजेक्शनं चालू असतील तर आकडा फुगलेला येतो, ते डॉक्टरांना सांगावं. सोबत होमोसिस्टीन लिहून दिलं असेल तर रक्त लॅबमध्ये जाऊनच द्यावं. घरी येणारा मुलगा चार घरं फिरून नमुना नेतो, तोवर त्या नळीतल्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि रिपोर्ट उगाच वाढीव येतो. आमच्याकडे हे झालं आणि पुन्हा रक्त द्यावं लागलं, पण मोठ्या माणसाला पुन्हा टोचणं आणि आठवड्याभराच्या बाळाला पुन्हा टोचणं यात फरक आहेच.

‘हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग बी-१२ कशाला?’ हेही ऐकायला मिळेल. फॉलिक ॲसिड चालू असताना हिमोग्लोबिन बरं दिसूनही बी-१२ कमी असू शकतं. नम्रपणे पुन्हा विचारावं. आमच्या दुसऱ्या खेपेच्या डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात लिहून दिलं. आकडा पुन्हा कमीच होता, गोळ्या सुरू झाल्या, पाचव्या महिन्यात वर आला. जन्मानंतर धाकट्याची टाच टोचलीच, पण त्या रिपोर्टाची वाट पाहताना घरात कोणी देव पाण्यात घातले नव्हते.

तिसरा पर्याय म्हणून काही जण नवजात बाळाच्या शिरेतून रक्त काढून थेट बी-१२ मोजायला सांगतात. लक्षणं असतील तर डॉक्टर ते करतीलच, पण नुसतं खात्रीसाठी मला ते पटत नाही. नवजात बाळाच्या रक्तात बी-१२ बहुधा आईपेक्षा जास्त असतं, आणि रिपोर्टावर नॉर्मल म्हणून छापलेली मर्यादा अनेकदा मोठ्यांची असते. आकडा ‘नॉर्मल’ आला तरी फारसं काही कळत नाही.

घरात आधी एखादं बाळ कारण न कळता दगावलं असेल, किंवा मामाच्या मुलीशी वगैरे नात्यात लग्न झालेलं असेल, तर मात्र टीएमएस चुकवू नये. ती यादी वरपासून खालपर्यंत खरी ठरण्याची शक्यता अशा घरांत जास्त. तिथे पैसे आणि एखादी जागी रात्र, दोन्ही सोसावं. बाकीच्यांनी, टीएमएस आणि आईचं बी-१२ यांपैकी एकच जमत असेल तर, साधं थायरॉईडचं टाचेचं पॅकेज आणि आईचं बी-१२ अशी जोडी घेतली तरी मला ती टीएमएसपेक्षा उजवी वाटते. आणि बाळ होऊन दोन-तीन महिने झाले, आईचं काहीच तपासलेलं नाही, अशी स्थिती असेल तर पुढच्या लसीला जाल तेव्हा बाळाच्या डॉक्टरांकडूनच आईच्या बी-१२ची चिठ्ठी मागून घ्या. बाळ अंगावर पितंय तोवर तिचा आकडा त्याच्याही कामाचा आहे.