होंडा जीएक्स, त्याची कॉपी आणि आमचं जुनं किर्लोस्कर: १४ महिन्यांचा अनुभव

पलूस तालुक्यात आमचं साडेचार एकर रान. दीड एकर द्राक्ष, एकरभर हळद, बाकी ऊस. मागच्या वर्षी जूनमध्ये हळदीसाठी पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) घेतला, त्यावर होंडाचं जीएक्स २०० इंजिन आहे. त्याच महिन्यात फवारणीच्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपासाठी १७० एफ प्रकारचं, म्हणजे जीएक्सची नक्कल असलेलं कॉपी इंजिन घेतलं. त्याच्यावर जे नाव होतं ते मी नंतर कुठल्याच दुकानात पाहिलं नाही. म्हणजे दोन्ही इंजिनं एकाच वेळी, एकाच घरात, एकाच पंपावरच्या पेट्रोलवर चालली. कोणतं चांगलं असं सगळे विचारतात. माझं म्हणणं एवढंच, की बंद पडल्यावर ते किती वेळात परत चालू होतं हे आधी बघा.

वीडरचं सांगायला फार काही नाही. दोन कोळपण्या, ऑगस्टमध्ये भरणी (पिकाला माती लावणं), नंतर उसात काम. पहिलं ऑइल २० तासांनी बदललं, पुढे दर १०० तासांनी. ६०० मिलि ऑइल बसतं, म्हणजे लिटरच्या डब्यात दीड वेळेपेक्षा थोडं जास्त भागतं. एअर फिल्टर मात्र भरणीत रोज संध्याकाळी काढून झटकावा लागतो, वाळलेल्या रानाची धूळ फार वाईट. दोरी एकदा तुटली, ती अर्ध्या तासात मीच बदलली.

कॉपीचं प्रकरण वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत पोंगा (नवा कोंब) फुटला होता, वर ढग आलेले, डाऊनी रोगाची भीती. पहाटे पाचला पंप चालू करायला गेलो तर दोरी जड लागायला लागली. वीस-पंचवीस वेळा ओढून हात दुखला. मिस्त्रींना फोन केला, ते म्हणाले, "दादा, दोरी सोडा, आधी ऑइल बघा की." डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या बरंच वर, पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा वास. कार्बोरेटरमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल नीट बसत नव्हती. मी पेट्रोलचा कॉक चालू ठेवून झोपलो होतो. रात्रभर पेट्रोल झिरपत सिलिंडरमध्ये गेलं, रिंगांच्या बाजूने खाली उतरलं आणि ऑइलमध्ये मिसळलं. तसंच चालू झालं असतं तर बेअरिंग गेलंच असतं. ऑइल सांडून नवीन भरलं, कार्बोरेटरच्या वाटीखालचा १० चा बोल्ट खोलून पेट्रोल काढलं, तर तळाला पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते.

हे थेंब आले कुठून, ते समजून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याच भागातल्या कारखान्यांतून ते तयार होतं, उसाला त्याचा आधार आहे, त्यामुळे माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण महिनाभर न वापरता ठेवलेल्या इंजिनात पाणी खाली बसतं आणि जेट (पेट्रोल जायचं बारीक छिद्र) बुजतो. त्या दिवसापासून मी दोन्ही इंजिनं ठेवताना कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवतो. त्यानंतर वाटीत पाणी सापडलेलं नाही.

त्या सकाळी फवारणी दहाला सुरू झाली. नवीन कार्बोरेटर तासगावच्या दुकानात ६५० रुपयांना मिळाला आणि दोन नटांवर बसला. कॉपी इंजिनाची खरी जमेची बाजू ही आहे. होंडाने जीएक्स मालिका १९८३ मध्ये आणली, पुढे तिच्या इतक्या नकला झाल्या की कार्बोरेटर, कॉइल, दोरीचा सेट हे सुटे भाग आता तालुक्याच्या गावातही टांगलेले असतात. पण आंधळेपणाने घेऊ नका. जीएक्स २०० चा पिस्टन ६८ मिमीचा, माझ्या १७० एफचा ७० मिमीचा. रिंग मागताना अंक सांगितला नाही तर दुकानदार हाताला येईल ती देतो.

विकणाऱ्याने मात्र सहा महिन्यांची वॉरंटी सांगितली होती आणि नीडलबद्दल विचारलं तेव्हा "पेट्रोल खराब असेल" म्हणून हात वर केले. बिलावर इंजिन नंबर लिहिलेला नव्हता. तुम्ही घ्याल तेव्हा नंबर लिहून घ्या, मी घेतला नाही याचं दुःख आहे.

साठेक तासांनंतर कॉपी पुन्हा जड चालू व्हायला लागली. या वेळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातली, तर एक्झॉस्टच्या बाजूला गेज जातच नव्हती. त्या बाजूला ०.२० मिमी, इनटेकला ०.१५ मिमी ठेवलं. दुसऱ्या ओढीत चालू झालं. होंडाचं गॅप त्याच वेळी तपासलं, ते हललेलं नव्हतं. साठ तासांत एवढा फरक पडला. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट कशाची बनवली आहे ते यातून कळतं.

गवत काढायला माझ्याकडे होंडाचंच जीएक्स ३५ ब्रश कटर आहे, चुलत भावाकडे स्टिलचं एफएस १२०. भावाचं टू-स्ट्रोक, लिटरला २० मिलि ऑइल मिसळायचं. त्याच्या गड्याने एकदा साधं पेट्रोल ओतलं आणि पिस्टन धरला, म्हणजे जाम झाला. काढून पाहिला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. तरी पिस्टन-सिलिंडर बदलून तिसऱ्या दिवशी मशीन रानात होतं, कारण त्यात व्हॉल्व्हच नाहीत, उघडायला सोपं. माझ्या जीएक्स ३५ मध्ये मिसळायचं काही नाही, १०० मिलि ऑइल वेगळं भरायचं. पण आत ऑइलमध्ये फिरणारा टायमिंग बेल्ट आहे आणि आमच्या मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं, "हे मी खोलणार नाही, सांगलीला न्या." घरात दोन-तीन माणसं मशीन हाताळत असतील तर मी तरीही फोर-स्ट्रोकच सुचवेन, मिश्रणाची चूक होतच नाही.

आता विहिरीवरच्या किर्लोस्कर एव्ही-१ या डिझेल इंजिनाबद्दल. पाच एचपी, १५०० आरपीएम, पाण्याने थंड होणारं. किर्लोस्करवाडी इथून जवळ, १९१० पासूनची, त्यामुळे या भागात फिटर लोकांच्या पिढ्याच तयार झाल्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या पुरात हे इंजिन आठ दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर गाळ धुतला, ऑइल सोडलं, आत डिझेल ओतून डीकॉम्प्रेशन (आतला दाब सोडणारा खटका) उचललं आणि हँडलने फिरवत राहिलो. आधी चहासारखं पाणी आलं, मग काळपट, मग स्वच्छ डिझेल. इंजेक्टर सांगलीला तपासून आणला, फिल्टर नवा, आठवड्यात दोनदा ऑइल बदललं. आजही चालतं. ते उचलून रानात नेता येत नाही, म्हणून तर ही छोटी पेट्रोल इंजिनं घ्यावी लागतात.

परत घ्यायची वेळ आली तर वीडरला जीएक्सच घेईन, कारण भरणीचे दिवस हातातून गेले की परत येत नाहीत. पंपाला कॉपी चालेल, पण एक जादा कार्बोरेटर, प्लग आणि फिलर गेज घरात ठेवूनच. येत्या छाटणीआधी तिचं हेड खोलून व्हॉल्व्ह घासून घेणार आहे, गॅसकेट आणून ठेवली आहे.